साच्याआधीची माती

“नाक रुंद करा,” बायडाबाई म्हणाली.

सयाजीनं शाडूवर अंगठा दाबला. त्याच्या कारखान्यातली रीत होती. माणसाला डोळ्यांनी बघितलेला कुणीतरी ‘हाच तो’ म्हणाला, की मगच साचा. साचा उद्या काढायचा होता. धातू ओतल्यावर चूक तशीच चौकात उभी राहते.

पुतळा डॉक्टरसाहेबांचा होता, आणि त्यांना बघितलेली आता ही एकटीच उरली होती. साहेबांनी ज्वारीच्या काणी रोगावर औषधाची पूड काढली. देश नुकता स्वतंत्र झालेला, सरकारला शास्त्रज्ञ हवे होते, साहेब मंत्री झाले. त्यांचे फोटो पुरात गेले. उरलं वर्तमानपत्राचं एक कात्रण, त्यात हार जास्त आणि चेहरा कमी. साहेबांचा नातू विजयसिंह पुतळा समितीचा अध्यक्ष, पण तो जन्मला साहेब गेल्यावर. म्हणून उचगावातनं ब्याण्णव वर्षांची बायडाबाई आणली.

ती प्रयोगशाळा झाडायची. नवरा पूड कालवायचा. पूड छातीत साचून तो तिशीत मेला. त्याच साली साहेबांनी शपथ घेतली.

विजयसिंहनं अनावरणाच्या पत्रिकेत छापायला नवऱ्याचं नाव विचारलं. बायडाबाईनं तोंड उघडलं नाही. तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. नात तेजस्वी सांगणार, तोवर त्यानं “ऱ्हाऊ दे, शिपायाची विधवा लिहितो” म्हणून वही मिटली. सत्तर वर्षांत बढती नाही.

“कान मोठं,” बायडाबाई म्हणाली. “कपाळावर खोक. बाटली फुटलीती.”

विजयसिंह खूश झाला. शास्त्रज्ञाची खूण, भाषणात घालतो म्हणाला.

“चष्मा काढा.”

“कात्रणात तर हाय की,” सयाजी म्हणाला.

“मी बघितलं तवा न्हवता.”

चष्मा निघाला. तिनं बराच वेळ बघितलं. रडली नाही, हसली नाही. पदर डोक्यावर घेतला.

“ह्योच,” म्हणाली.

साहेबांचा मान अजून ठेवते म्हातारी, असं विजयसिंह सयाजीला म्हणाला. सयाजीनं शाडूवर ओलं फडकं टाकलं.

रिक्षा उचगावच्या रस्त्याला लागली.

“आजी, साहेब असंच दिसायचं व्हय?” तेजस्वीनं विचारलं.

“साहेबांचं नाक धारदार. चष्म्याबिगर भिंतीला धडकायचं.”

“मग ह्यो कोण?”

बायडाबाईनं पदर आणखी पुढं ओढला, आणि मघाशी पत्रिकेच्या वेळी राहिली होती तशीच गप्प राहिली.