सेन्सेई नको म्हणाले म्हणून

स्वतःच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सर्जरीचे गुरू आसानुमा-सेन्सेई जुन्या विद्यार्थ्याला, सर्जन कुरामोचीला म्हणाले, “माझ्यावर तो हिरवा कॅमेरा वापरायचा नाही हं. नुसत्या नजरेनं पारखायला शिकवलंय मी तुला!” सकाळी कुरामोचीनं त्यांची कॅन्सरनं पोखरलेली अन्ननलिका काढली, जठराची नळी करून गळ्यापर्यंत ओढली. “रंग टोचू?” नर्सनं विचारलं. “रक्त पोचलेला भाग कॅमेऱ्यात हिरवा चमकेल.” नळीचं टोक त्याला फिकट वाटत होतं. तरी म्हणाला, “नको. सेन्सेईंना आवडणार नाही.” आठवडाभरात तिथलीच शिवण उसवली. दुसऱ्या ऑपरेशननं जीव वाचला. शुद्धीवर येताच सेन्सेई पुटपुटले, “मी म्हटलं म्हणून ऐकलंस? वेड्या, टेबलावर मी पेशंट होतो.” कुरामोची खालमानेनं बाहेर आला. सेन्सेईंच्या पत्नी आभार मानायला कमरेत वाकल्या. “तुम्हीच वाचवलंत.” “चूक माझीच होती,” म्हणत तो त्यांच्याहून खाली वाकला. त्यांना तो विनयच वाटला. त्या आणखी वाकल्या.