आक्षेप असल्यास

पदवी घेणाऱ्यांची मिरवणूक कॉलेजच्या चॅपलच्या दारातून आत शिरली आणि आर्विडला तिसऱ्या बाकावर हॅल्वर ग्रोनली दिसला.

नऊ वर्षांपूर्वी त्याने या माणसाला शेवटचं पाहिलं होतं, कोर्टात. तेव्हाचे रुंद खांदे आता उतरले होते. अंगात काळा कोट होता, शेजारची जागा रिकामी होती. आणि तो आर्विडकडेच बघत होता.

आर्विडचे पाय थबकले. मागून टिम वेडमायरने त्याला कोपराने ढोसलं.

"चल रे. दीक्षा देतायत, फाशी नाही."

टिम चार वर्षं त्याच्या खोलीत राहिला होता, त्याला सगळं माहीत होतं. कॉलेजातही सगळ्यांना माहीत होतं. आर्विडने प्रवेशाच्या अर्जातच लिहिलं होतं, अठराव्या वर्षी माझ्या हातून एक मुलगी मेली.

ती मुलगी म्हणजे करीन, हॅल्वरची एकुलती एक. मार्चमधली दुपार होती, रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता. आर्विडची पिकअप गाडी ग्रोनलींच्या शेताजवळच्या वळणावर झाडावर जाऊन आदळली. त्याला स्वतःला यातलं काहीच आठवत नव्हतं. कॉयरच्या गाण्यांची तालीम संपवून दोघं हसत चर्चबाहेर पडली, इतकं आठवत होतं. त्यानंतर एकदम दवाखान्याचं पांढरं छत. मधलं सगळं त्याला शेरीफने सांगितलं. बेफाम वेग, म्हणाले. कोर्टाने नऊ महिने तुरुंगात पाठवलं. तिथे दर बुधवारी एक म्हातारा पाद्री यायचा आणि न बोलता त्याच्याजवळ बसून राहायचा. त्या माणसामुळे आर्विड पाद्री व्हायला या कॉलेजात आला.

दर मार्चमध्ये तो ग्रोनलींना पत्र लिहायचा. उत्तर कधीच आलं नाही. आज मात्र हॅल्वर स्वतः आला होता.

या कॉलेजात पदवी आणि दीक्षा एकाच प्रार्थनासभेत दिली जायची. पदव्या वाटून झाल्या. मग दीक्षा घेणारे सहा जण वेदीपुढे उभे राहिले आणि अध्यक्ष डॉ. क्विस्ट लोकांकडे वळले. यांच्यापैकी कोणाच्या दीक्षेला कोणाचा आक्षेप असेल तर त्याने आत्ता सांगावं, असं ते म्हणाले. दरवर्षी ते हे विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढे वाचायचे.

मागे बाक करकरला.

आर्विडने मान वळवली नाही. डॉ. क्विस्ट वाचायचे थांबले होते, त्यांची नजर तिसऱ्या बाकावर होती. अख्ख्या चॅपलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. आर्विडच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरला. बोल, तो मनात म्हणत होता, काय ते एकदा बोलून टाक.

बाक पुन्हा करकरला. हॅल्वर खाली बसला होता.

पुढचं आर्विडने झोपेत असल्यासारखं केलं. गुडघे टेकले. डोक्यावर हात ठेवले गेले. जे विचारलं गेलं त्याला तो हो म्हणाला. त्याला जाणवत होती ती फक्त पाठीवरची नजर.

बाहेर हिरवळीवर कॉफी, हॅम सँडविच आणि बायकांनी घरून करून आणलेले केक मांडले होते. आर्विडची आई डॉरिस फोटोसाठी त्याची कॉलर नीट करत होती. करता करता तिचे हात थांबले. आपण निघूया का, तिने हळूच विचारलं. तो नाही म्हणाला. पळून कुठवर जाणार होता?

हॅल्वर सरळ त्यांच्याकडेच येत होता. डॉरिस मध्ये उभी राहिली.

"हॅल्वर, आज नको. त्याच्या आयुष्यात एवढा एक दिवस आलाय."

हॅल्वरने टोपी काढून हातात धरली. "मला याच्याशी एकट्याशी बोलायचंय, डॉरिस."

आर्विड त्याला वेदीमागच्या, झगे ठेवायच्या खोलीत घेऊन गेला. आत आल्यावर हॅल्वरने दार लावलं आणि कडीही घातली. आर्विडने दोन्ही हात खाली सोडून दिले. मारलं तर मार खायचा, शिव्या दिल्या तर ऐकायच्या, इतकं त्याने ठरवलं.

"मिस्टर ग्रोनली, मी..."

"तू गप्प राहा. नाहीतर मला जमायचं नाही."

बायको बर्जिट जानेवारीत गेली, असं हॅल्वरने सांगितलं. आर्विडची पत्रं तीच फोडायची, वाचायची, ड्रॉवरमध्ये ठेवायची. त्याने स्वतः एकही पत्र हातात घेतलं नव्हतं.

"आता तू पाद्री झालास ना? पुरता?"

"हो."

"आणि मी इथं सांगेन ते तुझ्यापाशीच राहील? तुझ्या आईलाही कळणार नाही?"

हा माणूस काहीतरी भयंकर करून आला असेल, नाहीतर आता करणार असेल. दाराच्या आणि त्याच्या मध्ये हॅल्वर उभा होता.

"नाही कळणार," आर्विड म्हणाला.

हॅल्वरने टेबलाची कड पकडली आणि एकेक करून दोन्ही गुडघे जमिनीला टेकले. त्याची टोपी घरंगळत गेली. ती उचलायला आर्विड वाकला, तशी हॅल्वरने त्याची बाही घट्ट धरली.

"मघाशी सगळ्यांसमोर सांगणार होतो. धीर झाला नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी शेरीफच्या आधी मी पोहोचलो होतो. ती गेली होती. तू घरघरत होतास, पण तू वाचशील असं मला वाटलं नाही. लायसन्स नसलेल्या पोरीला गाडी शिकवली होती मी. बर्जिटला काय तोंड दाखवणार होतो? स्टिअरिंगमागे करीन होती, आर्विड. मी तिला बाजूला घेतलं आणि तुला तिथं बसवलं."