पुतळाबाईंच्या नावावर

"असाल तशा निघा," असं नर्सने फोनवर सांगितलं, म्हणून पुतळाबाई मासळीबाजारातून रिक्षा करून थेट दवाखान्यात आल्या. हातात बोंबलांची पिशवी, चेहरा खुशीत. डॉक्टर श्रुतीने त्यांना बसवलं, दंडाला पट्टा बांधला आणि स्वतः दाब मोजला. एकशे तीस, ऐंशी. थोड्या वेळाने पुन्हा मोजला. तेवढाच.

समोरच्या स्क्रीनवर मात्र पुतळाबाईंच्या नावापुढे लाल आकडे होते. एकशे सत्तरच्या वर, एकामागोमाग तीन, सगळे गेल्या तासाभरातले.

योजना तशी चांगली होती. रक्तदाबाच्या पेशंटने घरच्या घरी दाब मोजायचा आणि आकडा आपोआप उलव्याच्या या सरकारी दवाखान्यात दिसायचा. मशीन ऐरोलीच्या एका कंपनीचं, पेशंट सरकारचे. जबाबदारी कोणाची, ते करारात कुठेतरी बारीक अक्षरांत असणार.

"मशीन बिघडलंय का?" श्रुतीने विचारलं.

कंपनीचा प्रसाद शेजारीच लॅपटॉप उघडून बसला होता. मशीनला नावं ठेवलेली त्याला खपत नसत. "मशीन ओके आहे, मॅडम. काकू, धावपळ करून आल्या आल्या मोजलंत का?"

"मी कवा मोजू? मी सकालपासून बाजारात हाय," पुतळाबाई हसल्या. "शेजारचं कोनी लावला असंल. अख्खा पाडा येतो मोजाया. दारात आलेल्याला नाय कसा बोलू?"

प्रसादने कपाळावर हात मारला. एक मशीन, एक पेशंट, हे त्याने पाड्यात जाऊन घसा फोडून सांगितलं होतं. पाड्याने माना डोलावल्या होत्या आणि चहाबरोबर मशीनही फिरवलं होतं.

"म्हणजे सगळ्या डेटाची वाट लागली," तो म्हणाला. "मॅडम, निदान हे तीन मी उडवतो. उगाच रिपोर्टमध्ये लाल दिसेल."

"थांब." श्रुतीला त्या रिपोर्टचा मनापासून राग आला. "यांचे नसतील, पण कोणाचे तरी आहेतच ना हे आकडे? काकू, आत्ता घरी कोण आहे?"

"कोन नाय. सून हाय, भाविका."

"तिनं लावलं असेल?"

"छे! तिला मी मशीनला हात नाय लावू देत. पोटुशी हाय ती, आठवा लागलाय. दंड असा आवलला तर पोरावर ताण येल ना."

"तिला काही त्रास होतोय का?"

"डोका दुखतो बोलते कालपासून. डोल्यांसमोर काजवे दिसतात बोलते." पुतळाबाईंनी पिशवी सावरली. "दिवसभर मोबाईल बघल्यावर काय होनार?"

प्रसादने की-बोर्डवरचा हात काढून घेतला. पुतळाबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा डॉक्टरकडे, आणि त्यांचं हसू ओसरलं.

"काय झाला, बाय?"

गरोदरपणात एवढा दाब आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो, म्हणून श्रुतीने आधी अँब्युलन्स पाड्याकडे पिटाळली. मग पुतळाबाईंकडून नंबर घेऊन भाविकाला फोन लावला. पोरीला घाबरवायचं नाही असं ठरवून तिने आवाज जमेल तितका साधा ठेवला.

"भाविका, मी दवाखान्यातून डॉक्टर श्रुती बोलतेय."

पलीकडून सुटका झाल्यासारखा एक लांब श्वास ऐकू आला.

"दिसलं ना मॅडम, तुमाला? कवापासून लावतेय मी."