पाऊण तास

डांबर संपलं तिथे बन्सीकाकांनी जीप थांबवायला सांगितली. इथून पुढे चालत जायचं, म्हणाले. ड्रायव्हरने झाडाखाली गाडी लावली. कल्याण उतरला आणि त्यांच्या मागे चालू लागला.

राजूर सोडून तास होत आला होता. इथून मुरमाचा तांबडा रस्ता डोंगराच्या कडेकडेने मुळा नदीच्या खोऱ्यात उतरत होता. चार महिन्यांपूर्वी याच रस्त्यावर ओंकार सायकलवरून पडला आणि गेला. बन्सीकाकांचा एकुलता एक मुलगा, कल्याणचा कॉलेजपासूनचा मित्र. दोघं मिळून असे कच्चे रस्ते शोधत फिरायचे, मोबाईलवर त्यांचे नकाशे करून इतर सायकलवाल्यांना द्यायचे. जाड टायरची ती सायकल संगमनेरच्या घरी पहिल्यांदा आणली तेव्हा ओंकार वडिलांना म्हणाला होता, डांबर संपलं की हिची खरी मजा सुरू होते. बन्सीकाकांनी तीस वर्षं दुधाचा टँकर चालवला होता. डांबर संपलं की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. पोराचं ते बोलणं त्यांना कधीच कळलं नव्हतं.

जागा दाखव म्हणून ते चार महिने कल्याणच्या मागे लागले होते. कधी रजा नाही, कधी रस्ता खराब, असं सांगून त्याने टाळलं होतं. आता टाळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चालता चालता त्यांनी पुन्हा विचारलं, आणि कल्याणने पुन्हा तेच सांगितलं. तो ओंकारच्या मागेच होता. ओंकार पडला तसा तो धावला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दोन मिनिटांत सगळं संपलं. त्याला काही कळलंसुद्धा नाही.

मोरीजवळच्या वळणावर कल्याण थांबला. सायकल मुरमात घसरून ओंकारची छाती ज्यावर आपटली तो दगडी कठडा तिथेच होता. बन्सीकाकांनी चपला काढल्या. कठड्यावर हात ठेवून ते उभे राहिले. खाली भाताची खाचरं कोरडी पडली होती.

वरच्या उतारावरून एक बाई हिरड्याचं पोतं डोक्यावर घेऊन येत होती. कल्याणने तिला लांबूनच ओळखलं. ऊन चढतंय, निघू या, असं तो म्हणाला. बन्सीकाका हलले नाहीत. बाई जवळ आली आणि कुठले तुम्ही, म्हणून विचारू लागली.

"इथं माझं पोरगं गेलं," बन्सीकाका म्हणाले.

बाईने पोतं खाली ठेवलं. नाव बनुबाई, खालच्या वाडीची. पदराने तोंड पुसून ती कठड्यापाशी बसली आणि त्या दिवसाचं सांगू लागली. गवताचा भारा घेऊन ती याच वाटेने चालली होती. काहीतरी आदळल्याचा आवाज आला म्हणून पळत आली, तर पोरगं पडलेलं. डोळे उघडे, श्वास लागलेला. त्याच्या फोनला रेंज नव्हती. वाडीकडे तोंड करून तिने हाका मारल्या, पण सगळे कापणीला गेलेले. स्वतः पळत जावं, तर पोराने तिच्या लुगड्याचं टोक मुठीत धरलेलं. मग ती त्याच्याजवळच बसून राहिली. पाऊण तास तरी बसली असेल.

बन्सीकाका तिच्याकडे वळले. "बोलत हुता का?"

"बोलत हुता. माझा मित्र म्होरं गेलाय म्हनला. मी दिसलो न्हाई की माघारी वळंल. सारखा म्होरच्या रस्त्याकडंच बघत हुता."

मग तिने मान वर करून कल्याणकडे पाहिलं. "ह्योच ना तो? ह्यो आला तवा पोरगं गेल्तं."

त्या दिवशी तेवढा वेळ कल्याण पुढच्या गावात चहाच्या टपरीवर बसला होता. ओंकारला उशीर झाला म्हणून आधी तो चिडला, मग त्याने दुसरा चहा सांगितला.

"काका, मला वाटलं तो फोटो काढत थांबलाय," तो म्हणाला.

बन्सीकाकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पोराला पाणी मिळालं का, एवढंच त्यांनी बनुबाईला विचारलं. दोन घोट घेतले, ती म्हणाली. ते वाकले आणि तिच्या पायांना हात लावला. वयाने ती त्यांच्यापेक्षा बरीच लहान होती. ती गडबडून मागे सरली, आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

परतीचा चढ ते न थांबता चढले. जीपपाशी पोचल्यावर रेंज आली आणि लगेच फोन वाजला. घरून जयमालाबाईंचा, ओंकारच्या आईचा होता. गुडघ्यांमुळे त्यांना येता आलं नव्हतं.

"बघितली," बन्सीकाका फोनवर म्हणाले. "चांगली जागा हाय. झाडं हायेत." पलीकडून काहीतरी विचारणं झालं. त्यांनी डोळे मिटले. "व्हय. कल्याण सांगतो तसंच. लगेच गेला. ह्याच्याच मांडीवर डोकं हुतं त्याचं."

त्यांनी फोन खिशात ठेवला. कल्याण रडत होता. तो काहीतरी बोलू पाहत होता. त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"रविवारी घरी येत जा," ते म्हणाले. "तू आला की ती दोन घास जेवती. माझ्याशी मात्र बोलू नको."