मेट्रनचा राउंड

सकाळी सहाच्या राउंडला टोपलीत तीनच पिल्लं होती. काल चार होती. परवा पाच.

मेट्रनने टोपलीतली चादर उचलून पाहिली, झटकून पाहिली, मग टोपलीच उलटी करून पाहिली. प्रसूती विभागात एकतीस वर्षं काढलेल्या बाईच्या राउंडला पिल्लं कमी भरावीत हे शोभणारं नव्हतं. तिने हात ॲप्रनला पुसले. ती निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. ॲप्रन झाला नव्हता.

"बोका," ती म्हणाली. "तो तुटक्या कानाचा. दुसरं कोण असणार?"

सातव्या महिन्यातली सून दारात उभी होती. "मांजरीनेच हलवली असतील, आई. हलवतात त्या."

"हलवायला काय झालं? इथे काय कमी आहे तिला?"

कमी खरंच काही नव्हतं. दर तीन तासांनी राउंड होता. प्रत्येक पिल्लाचं स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन व्हायचं. जंतुनाशकात बुडवलेल्या कापसाने अंग पुसलं जायचं. मागच्या पायाला चिकटपट्टी होती आणि तिच्यावर नंबर, वॉर्डात बाळांची अदलाबदल होऊ नये म्हणून बांधतात तसा. इथे अदलाबदल कोण करणार होतं, हे विचारायची घरात कोणाची छाती नव्हती. मुलगा बोटीवर नोकरीला होता, म्हणजे सुरक्षित होता. सुनेचा मात्र रोज सकाळी पिल्लांच्या आधी नंबर लागायचा: रक्तदाब, पायांची सूज, बाळाने किती लाथा मारल्या.

लोकांना ही हौस वाटायची. ती भीती होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका राउंडला एक बाळ शांत झोपलेलं दिसलं, म्हणून तिने त्याला उठवलं नाही. पुढच्या राउंडला ते उठलंच नाही. तुमची काही चूक नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून कोणी शांत झोपलेलं दिसलं की मेट्रन त्याला हलवून बघायची. तिच्या नवऱ्याने सव्वीस वर्षं अर्धवट झोपेत काढली आणि शेवटी एकदाचा तो निवांत झोपला.

तिने घरातल्या सगळ्या खिडक्या लावल्या. न्हाणीघराच्या झरोक्यात जुनं वर्तमानपत्र कोंबलं. तीन तासांचा राउंड दीड तासावर आणला. दुपारी दोन पिल्लं राहिली, संध्याकाळी एक. खिडक्या बंद असलेल्या घरात बोका शिरतो कुठून, हा प्रश्न भीतीला पडत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ती केरसुणी घेऊन टोपलीसमोर खुर्चीतच बसली. डोळे मिटून घेतले, पण पुरते नाही. बोक्याला गाफील पकडायचा बेत होता.

आली ती मांजरी. तिने आधी मेट्रनकडे पाहिलं. तिचे कान मागे गेले होते, अंग आक्रसलं होतं. असं अंग मेट्रनने वॉर्डात शेकडो वेळा पाहिलं होतं, तिची पावलं वाजली की खाटेवरच्या बायका असंच अंग चोरायच्या. तिला तो शिस्तीचा परिणाम वाटायचा.

मांजरीने नंबर तीनची मानगूट दातांत धरली आणि भिंतीच्या कडेकडेने सुनेच्या खोलीकडे गेली. तिने दारावर पंजा मारला. दार आतून चार बोटं उघडलं, मांजरी शिरली, दार पुन्हा लागलं. आवाज नाही. रोजचं काम असल्यासारखं.

मेट्रनने दार ढकललं तेव्हा सून जमिनीवर बसली होती. पलंगाखाली जुन्या चादरीवर पाचही पिल्लं दूध पीत होती. गुबगुबीत दिसत होती. नंबर तीन सोडला, तर एकाच्याही पायाला पट्टी नव्हती. मेट्रनला बघताच मांजरी फिसकारली.

"तुला माहीत होतं?"

"पहिलं आणलं तेव्हापासून."

"मी वेड्यासारखी शोधतेय! सांगायला काय झालं होतं?"

सून मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही तपासायला आला असता."

मेट्रन रागावणार होती. पण वाकल्यावर पलंगाखाली आणखी एक वस्तू दिसली. भरलेली प्रवासी बॅग. चेन अर्धी उघडी होती आणि सगळ्यात वर दवाखान्याची फाइल होती.

"हे काय? कुठे निघालीस?"

"ताईकडे. परवा. ह्यांना कळवलंय. बाळंतपण होईपर्यंत तिकडेच राहीन म्हणते."

"तुझ्या बहिणीला बाळंतपणातलं काय कळतं?"

"काहीच नाही," सून म्हणाली. एखाद्याचं कौतुक करावं तसं ते तिच्या तोंडून निघालं, आणि मग तिची तीच घाबरली.

मेट्रनच्या जिभेवर बरंच काही आलं. पायांवर सूज आहे. या दिवसांत गाडीचे धक्के बरे नाहीत. तिकडे चांगला दवाखाना तरी आहे का? रात्री कमी-जास्त झालं तर बघणार कोण? भीती नेहमीचीच होती, फक्त यावेळी पिल्लांसाठी नव्हती. मांजरी तिच्याकडे बघत होती. सूनही बघत होती. दोघींनीही अंग चोरलं होतं.

तिने बॅगेला हात लावला नाही. उठून ती खोलीबाहेर गेली आणि दार हलकेच ओढून घेतलं.

मग बाहेरून तिने बोटाच्या पेराने दारावर दोनदा टकटक केली.

"आत येऊ का गं?"

दार नुसतंच ओढलेलं होतं, एका बोटाने उघडलं असतं. मेट्रनचा जीव वर-खाली होत होता, आणि ती बाहेरच उभी राहिली.