पोस्टरमध्ये जागा

केसपेपर मागणारा म्हातारा आवाज ऐकून खिडकीतल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "गुप्तरोग तपासणी ना? सुनेला पुढे पाठवा, आजी."

"सून कशाला? मलाच करायचीय. सदुसष्ट पूर्ण."

"गुडघ्यांची ओपीडी पलीकडे आहे."

आजी बाकावर बसल्या. हास्यक्लबातल्या विधुर दामल्यांशी त्यांचं दोन वर्षांपासून जुळलं होतं. आता मूल थोडंच होणार, मग काळजी कसली, असं दोघांनाही वाटलं. पेपरात, टीव्हीवर त्यांच्या वयाला कुणी काही सांगितलंच नव्हतं. आता महिनाभर लघवीला आग होत होती.

समोरच्या पोस्टरवर विशीतलं जोडपं हसत होतं. 'वेळीच तपासा.'

"सरक रे," पोस्टरमधली मुलगी मुलाला म्हणाली. "आजींना जागा दे."

आजींनी चपला काढल्या, पदर सावरला आणि त्या पोस्टरमध्ये चढल्या. आत मऊ निळा उजेड होता. तिघं हसत उभे राहिले.

खिडकीतल्या बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. खाली चपला, वर आजी. त्यांनी कोरा केसपेपर ओढून वय लिहिलं.

"उतरा आजी, तुमचा नंबर आलाय. आजोबांनाही बोलवा."

"बाहेर रिक्षात बसलेत," आजी पोस्टरमधूनच म्हणाल्या. "लाजतात."