एकच गहाणखत

"आई, हितं सही कर. आन् ह्या पानावर बी." जयराजनं कागद पुढं सरकवले.

राहीबाईंनी पेन उचललं नाही.

सांगलीच्या त्या बँकेत एसी चालू होता, तरी जयराजचा शर्ट पाठीला चिकटला होता. कुपवाडचा गाळा गहाण ठेवून कारखान्यात नवं मशीन घ्यायचंय, एवढंच त्यानं आईला सांगितलं होतं. गहाणखतात मात्र तीन मिळकती होत्या. गाळा, साताऱ्याचं दुकान आणि वाईचं राहतं घर. बँकेला तिन्ही लागतील, असं मॅनेजरबाईंनी आठवड्यापूर्वी त्याला कळवलं होतं. तिन्ही राहीबाईंच्याच नावावर होत्या.

दुकान धाकटा धनाजी चालवायचा. दोघा भावांत दोन वर्षं बोलणं नव्हतं. दिवाळीनंतर वाटणी करायची, एवढं वकिलांमार्फत ठरलं होतं. गाळा जयराजला, दुकान धनाजीला, घर विकून पैसे निम्मे निम्मे. आई सहा महिने याच्याकडं, सहा महिने त्याच्याकडं. या कर्जाचा सुगावा लागला असता, तर धनाजी सरळ कोर्टात गेला असता.

"वाचून दाखवू का, मावशी?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"नको, मी सांगितलंय सगळं," जयराज घाईनं म्हणाला.

"एक सांगा, बाई," राहीबाई म्हणाल्या. "निम्मं कर्ज फिटलं, तर निम्मं सोडवून मिळतंय का?"

जयराजनं कागद तिच्याकडं आणखी सरकवले.

"नाही. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत काहीच सुटत नाही. बारा वर्षं."

राहीबाईंनी पेन उचललं. मग एकेक अक्षर कोरल्यासारखं काढत त्यांनी नऊ सह्या केल्या.

बाहेर पायऱ्यांवर जयराज थांबला. आई रेलिंगला धरून सावकाश उतरत होती. त्याला राहवेना.

"आई, मी खोटं बोललो. त्यात दुकान हाय. वाईचं घर बी हाय."

"ठाव हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"नुसत्या गाळ्यावर बी तुला कर्ज मिळत हुतं रं," राहीबाई शेवटची पायरी उतरत म्हणाल्या. "गेल्या पंधरवड्यात मीच हितं येऊन त्या बाईंना म्हणलं, तिन्ही एकातच अडकवा. आता बारा वर्षं वाटणी न्हाई. घराची न्हाई, आन् माजी बी न्हाई."